रिकामी टाकी

काशीमिऱ्याहून घोडबंदरकडे जाताना एखाद्या पेट्रोल पंपावर दुरुस्ती चाललेली दिसते. मशीन उघडलेलं, खाली दोघं-तिघं वाकलेले. टाकी उपसलेली आहे, मग कसली भीती, असं बघणाऱ्याला वाटतं. खरं तर भीती तिथूनच सुरू होते.

पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असली तरच. भरल्या टाकीत ही वाफ इतकी दाट असते की जळायला हवाच पुरत नाही. टाकी रिकामी करून झाकण काढलं की हवा आत शिरते आणि नेमकं ते प्रमाण जमून येतं. वाफ हवेहून तीन-चार पट जड, त्यामुळे ती वर उडून जात नाही. मशीनखालच्या खड्ड्यात साचून राहते. तिथे उतरण्याआधी गॅसमीटर लावायचा. नाकावर विसंबू नये, थोड्या वेळात त्याला वास कळेनासा होतो. मे 2024 मध्ये घाटकोपरला पंपावर प्रचंड फलक कोसळून 17 माणसं गेली. तेव्हा लोखंडाखाली माणसं अडकलेली असूनही बचाव पथकाला कटर सहज चालवता येईना, कारण खाली इंधन होतं.

आपल्या मिरा-भाईंदरला आणखी एक गोष्ट आहे. इथली पुष्कळ जमीन खाडीकाठची, मिठागरांची. पावसाळ्यात थोडं खणलं तरी पाणी लागतं. 20 हजार लिटरची टाकी त्या पाण्यात पूर्ण बुडाली, तर पाणी तिला सुमारे 20 टनांच्या जोराने वर रेटतं. रिकाम्या टाकीचं वजन त्याच्या आसपासही नसतं. ती पाइप मोडत वर येऊ शकते. म्हणून तिला काँक्रीटच्या पायाशी पट्ट्यांनी जखडतात आणि खड्डा बुजवेपर्यंत तिच्यात पाणी भरून ठेवतात. मे संपता संपता असा खड्डा खणायला घेणाऱ्या मालकाच्या हिशेबाचं मला नवल वाटतं.

आता दुरुस्तीचं. पुष्कळ पंपांवर टाकीतली एकच मोटर अनेक मशीनना पेट्रोल पुरवते. मेकॅनिकने आपल्यापुढच्या मशीनचा स्विच बंद केला, पण पलीकडे कुणी गाडी भरायला नोझल उचललं, तर मोटर सुरू होते आणि या उघड्या जोडातून पेट्रोल उसळतं. तेव्हा वीज मुख्य बोर्डावरच तोडायची, तिथे कुलूप घालायचं आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहायची. मशीनच्या तळाशी असलेला व्हॉल्व्हही बंद करायचा. मोबाईलवरून गिऱ्हाइकाला हटकणारे आपण, त्याच मेकॅनिकच्या खिशातला मोबाईल मात्र विसरतो!

वायरिंग फ्लेमप्रूफ आणि अर्थिंग शाबूत हवं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वायर फ्लेमप्रूफ डब्यात घेतल्यावर तिचं तोंड नीट आवळलं नाही, एखादा बोल्ट कमी लावला, तर तो महागडा डबा कुचकामी. टाक्यांच्या मांडणीत बदल करायचा असेल, तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची परवानगी आधी लागते.

मशीनचा मीटर उघडला असेल, तर वैधमापन खात्याचा निरीक्षक पाच लिटरच्या मापाने तपासून सील लावेपर्यंत त्या मशीनवर विक्री नाही. रांगेतले ओरडतील, ओरडू द्यावं.