पहिली आपटी आणि तिचा हिशेब

(जळगाव-धुळे जिल्हा बैठकीत एका कार्यकर्त्याने केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलायला आज पुष्कळ जण आहेत. मी मोटारसायकलवरून कसा पडलो ते सांगणार आहे. हसू नका. या मांडवाबाहेर जेवढ्या मोटारसायकली उभ्या आहेत, तेवढ्या घरी संध्याकाळी कोणीतरी वाट बघत बसणार आहे.

गोष्ट १९९७ च्या जानेवारीतली. एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर कापूस दिला, सोसायटीचे कर्ज कापून जे हातात आले त्यात एक जुनी मोटारसायकल घेतली. आठ दिवस गाडरस्त्यावर, शेतात जा-ये करून चालवली आणि मला वाटले, आपल्याला गाडी येते. नवव्या दिवशी जळगावला निघालो. टाकीवर दादरची पिशवी, मागे घरधनीण एका अंगाने बसलेली. निघताना आई म्हणाली, "भाऊ, धीरे जाय. सडक काय आपला बापनी नही शे." मी ऐकले आणि सोडून दिले.

पारोळा, एरंडोल, पाळधी झाले. बांभोरीचा गिरणा पूल ओलांडला आणि गर्दी लागली. तेव्हाचा ६ नंबरचा, आताचा ५३ नंबरचा हमरस्ता जळगाव शहराच्या पोटातूनच जात होता. ट्रक, एस. टी., सायकली, हातगाड्या, सगळे एकाच डांबरावर. आकाशवाणी चौकाच्या अलीकडे माझ्यापुढे एक रिक्षा होती. मी तिच्या मागे चिकटून चाललो होतो. कडेला एका माणसाने हात केला, रिक्षा थांबली. मी घाबरून मागचा ब्रेक दाबून धरला. रस्त्यावर बारीक खडी होती. चाक अडकले, घसरले आणि आम्ही दोघे रस्त्यावर. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हर सावध होता म्हणून आज मी इथे उभा आहे. ट्रक घरधनीणीच्या पायापासून दोन हातांवर थांबला.

माझे मनगट मोडले, तिच्या खांद्याचे हाड मोडले. लोक जमले, रिक्षावाल्याला धरू लागले. मीही ओरडत होतो, "याला मारा!" तेवढ्यात चहाच्या टपरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "रिक्षा थांबणारच भाऊ, तिचे पोटच थांबण्यावर आहे. तू तिला एवढा चिकटून का चालला होतास?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढचा हिशेब ऐका. सहा आठवडे दोघांचे हात गळ्यात. शेवटची वेचणी बाकी होती, ती मजुरीने करून घ्यावी लागली. दादर दाण्यावर आलेली, पाखरांची राखण हवी. मनगट मोडलेल्या माणसाला गोफण फिरवता येत नाही. कणसे डोळ्यांदेखत रिकामी झाली. दवाखान्याचे बिल, गाडीची दुरुस्ती वेगळी. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, नशीब! आपण असेच आहोत. भाव पडला की म्हणतो नशीब, हाड मोडले की म्हणतो नशीब. हिशेब मांडायला तयार नाही.

म्हणून मी मांडला. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. बैल जुंपलेल्या दीड-दोन गाड्यांची ही जागा. पुढचा थांबला हे डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढी जागा संपते. ब्रेक लागतो तो त्यानंतर. माझ्यात आणि रिक्षात जेमतेम चार मीटर होते. म्हणजे मी पडलो तेव्हा नाही, चिकटून चालू लागलो तेव्हाच पडलो होतो. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला चौपट जागा लागते. मागे माणूस, पुढे पिशवी असेल तर आणखी.

मग करायचे काय? पुढची गाडी विजेच्या खांबाजवळून गेली की मनात म्हणा, एकशे एक, एकशे दोन. एवढे म्हणून होण्याआधी तुम्ही खांबाजवळ पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात दुप्पट मोजा. दुसरे, ब्रेकचे. थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो. आपण त्याला भितो आणि सगळा भार मागच्यावर टाकतो. दोन्ही बरोबर लावा, हळूहळू दाब वाढवा, हँडल सरळ ठेवा. हे चौकात शिकता येत नाही. गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणावर शिका.

हे माझ्या एकट्याचे रडगाणे नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. शंभरातली चव्वेचाळीसपेक्षा जास्त दुचाकीवरची होती. पन्नास हजारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. कायदा मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगतो. आपण पोलीस दिसला की घालतो, तेही एकच. मागे बसलेल्या बाईचे डोके काय दगडाचे असते?

आणि दुसऱ्याला नावे ठेवताना आपले घरही बघा. कापसाने फुगलेली ट्रॉली अर्धा रस्ता अडवून जिनिंगकडे जाते, मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. अंधारात तिच्यावर येऊन आदळतो तोही कोणा शेतकऱ्याचाच पोरगा असतो. एक पट्टी चिकटवायला बियाण्याच्या पाकिटाएवढाही खर्च नाही.

आता कागदांचे. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. मृत्यू झाला तर वारसाला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. स्वतः मुंडे केंद्रीय मंत्री असताना ३ जून २०१४ ला दिल्लीत विमानतळाकडे जाताना चौकात दुसरी गाडी आदळून गेले. चौक मंत्र्यालाही ओळखत नाही. या योजनेत गाडी चालवणारा शेतकरी मेला तर त्याचा वैध परवाना मागतात. आपल्यात गाडी आहे आणि परवाना नाही अशी किती घरे आहेत? विम्याचेही तसेच. नुसता तिसऱ्या माणसाचा विमा असेल तर आपले हाड जोडायला त्यातून पैसा मिळत नाही. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा २०१८ पासून १५ लाखांचा झाला, पण त्यालाही परवाना लागतोच. घरी गेल्यावर कागद काढून तारखा बघा.

कोणी पडलेला दिसला तर १०८ ला फोन करा, गाडी फुकट येते. मदत करणाऱ्याला पोलीस लचांड लावतील ही भीती सोडा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

रस्ते चांगले मागायचे नाहीत, असे मी म्हणत नाही. जळगावकरांनी समांतर रस्त्यांसाठी किती आंदोलने केली! धुळ्याला तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात, तिथली गर्दी तुम्ही बघताच. ती मागणी लावून धरू. पण रस्ता होईपर्यंत मागणी करणारा जिवंत राहायला हवा.

घरधनीण त्यानंतर वर्षभर मोटारसायकलवर बसली नाही. पुन्हा बसली त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही चालवा, मोजायचे मी मोजते." आजही पुढे रिक्षा आली की मागून आवाज येतो, एकशे एक, एकशे दोन.

बैठक संपल्यावर घाई करू नका. पुढच्या बैठकीला सगळे दिसा. एवढेच मागणे आहे.