कचऱ्याची भट्टी आणि गावाची वेस

(लातूर येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पहाटे बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने एक दृश्य पाहिलेले असते. झाडणाऱ्या भगिनी रस्ता झाडून पाला, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या, चहाचे कप यांचा ढीग कोपऱ्यात लावतात. कचऱ्याची गाडी वेळेवर आली तर ठीक. नाही आली तर कोणीतरी त्या ढिगाला काडी लावते. तासाभरात कोपरा मोकळा होतो आणि आपण म्हणतो, चला, स्वच्छ झाले! कचरा जाळू नये, असे केंद्र सरकारच्या २००० सालच्या घनकचरा नियमांतच म्हटले होते. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवून दिली. नियम आहेत, न्यायालयांचे निर्णय आहेत आणि तरीही काडी आहे. कारण जे दिसेनासे झाले ते संपले, अशी आपली सर्वांची समजूत आहे.

आज मला बोलायचे आहे ते याच समजुतीच्या मोठ्या भावाविषयी. त्याला उंच धुराडे असते, त्याचे उद्घाटन होते, आणि त्याला ‘कचऱ्यापासून वीज’ असे मोहक नाव असते. कचरा जाळण्याच्या भट्टीची ही कल्पना महानगरांपुरती राहील असे समजण्याचे कारण नाही. लातूर किंवा नांदेडसारख्या शहरासमोर उद्या असा प्रस्ताव आला, तर त्याकडे कसे पाहावे, याची तयारी आजच असलेली बरी.

मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. पण पत्रकाराला जे समजत नाही ते विचारण्याची मुभा असते. भट्टी का चालत नाही, हे समजायला तर रसायनशास्त्रही लागत नाही. चूल पेटविणाऱ्या कोणत्याही आजीला ते ठाऊक आहे. ओले लाकूड धुमसते, पेटत नाही.

दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने एक भट्टी उभी राहिली. रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज निर्माण होणार होती. ती जेमतेम तीन आठवडे चालली. आपल्या कचऱ्यात जळण्याजोगे सत्त्व पुरेसे नव्हते. युरोपातील घरचा कचरा म्हणजे मुख्यतः कागद, पुठ्ठा, वेष्टने. आपला कचरा म्हणजे भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेला भात, चहाचा चोथा. आणि त्यात रस्त्याची माती. भारतीय शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. गंजगोलाईतील भाजीबाजार संध्याकाळी उठल्यावर मागे काय उरते ते पाहा. शिकवणी वर्गांच्या परिसरात हजारो विद्यार्थ्यांची जेवणे करणाऱ्या खानावळींच्या मागच्या दाराशी जाऊन पाहा. नांदेडला श्री हुजूर साहिब येथे अखंड लंगर चालतो, गोदेच्या घाटांवर निर्माल्य जमते. यातले काय जळणार? जाळायचे असेल तर बाहेरचे इंधन घालावे लागेल, नाहीतर कागद, पुठ्ठा आणि प्लास्टिक त्यात ओतावे लागेल. म्हणजे ज्या वस्तू पुन्हा वापरात येऊ शकतात, त्याच भट्टीचे मुख्य अन्न ठरतात. आणि भट्टीला रोज ठरलेला घास लागतो. करारात इतके टन कचरा देऊ असे नगरपालिकेने एकदा लिहून दिले, की नागरिकांनी कचरा कमी करणे हाच पालिकेचा तोटा होऊन बसतो. माझ्या मते भट्टीवरचा हा सर्वांत मोठा आक्षेप आहे. तो धुराच्याही आधी येतो.

आता धूर. क्लोरीन असलेले प्लास्टिक, उदाहरणार्थ पीव्हीसी, जळताना आणि तो वायू थंड होताना डायॉक्सिन नावाची विषारी संयुगे तयार होतात. ती वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत. गवतावर बसतात, गाईच्या चरबीत साठतात, दुधातून आपल्याकडे येतात. २००१ च्या स्टॉकहोम करारात ज्या घातक रसायनांवर जगाने बंधन घातले, त्यांत डायॉक्सिन आहे, आणि भारताने २००६ साली त्या कराराला मान्यता दिली आहे. उत्तम यंत्रणा बसविली तर हे प्रमाण खूप खाली आणता येते, हे मी नाकारत नाही. परंतु ती यंत्रणा बसविणे खर्चिक, दररोज चालविणे त्याहून खर्चिक, आणि डायॉक्सिन मोजणे तर इतके महाग की ते क्वचितच मोजले जाते. शिवाय जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा राख म्हणून उरतोच. ती राख टाकायला पुन्हा जागा लागते, आणि ती जागा पुन्हा कोणत्या तरी गावाच्या शिवारातच असते.

दिल्लीतच ओखला येथे २०१२ साली दुसरी भट्टी सुरू झाली, ती दाट वस्तीला लागून. तेथील रहिवासी ती सुरू होण्याच्या आधीपासून न्यायालयात होते. २०१७ मध्ये हरित न्यायाधिकरणाने प्रकल्पाला पंचवीस लाखांचा भुर्दंड केला, पण तो चालू ठेवण्यास परवानगी दिली. सुशिक्षित, वकिलांची फौज असलेल्या वसाहतींना आठ वर्षे लढून इतकेच मिळाले. एकदा धुराडे उभे राहिले की ते पाडणे किती अवघड असते, हे यावरून ध्यानात यावे.

अर्थात विरोधासाठी विरोध नको. रुग्णालयातील काही जैविक कचरा जाळावाच लागतो. त्यासाठी भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश तापमान हवे, क्लोरीनयुक्त प्लास्टिक त्यात घालू नये, असे नियम आहेत. पण ती भट्टी कोणाच्या दाराशी, हा प्रश्न सुटत नाही. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांनी अशा केंद्राविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. २०२३ साली उच्च न्यायालयाने ते केंद्र दोन वर्षांत हलविण्यास सांगितले. जागा ठरली रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात. गोवंडीकरांची बाजू न्याय्य होती यात शंका नाही. पण खालापूरकरांनी काय करावे?

हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. संभाजीनगरचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ नारेगावच्या डेपोत जात होता. भोवतालच्या गावांच्या विहिरी बिघडल्या, मोकाट कुत्री वाढली, उन्हाळ्यात ढीग पेटत राहिले. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी ग्रामस्थ रस्त्यावर उतरले आणि त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. आम्हा वृत्तपत्रवाल्यांना ‘कचराप्रश्न पेटला’ हा मथळा फार आवडतो. त्या वेळी तो अक्षरशः खरा ठरला. गल्लोगल्ली ढीग साचले आणि लोकांनी ते जाळायला सुरुवात केली. पालिकेने दुसरी जागा शोधली की तेथील लोक आडवे येत. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. त्या दिवसांत शहरातून ‘गावकरी अडवणूक करतात’ असा सूर निघत होता. अडवणूक कोणी कोणाची केली? तीस वर्षे आपली घाण दुसऱ्याच्या वेशीत टाकणाऱ्यांनी, की तीस वर्षांनी नको म्हणणाऱ्यांनी? पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे आणि कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा प्रकल्प, अशी वाटणी करावी लागली. जे आधी सुचायला हवे होते ते नारेगावने सुचविले.

लातूरच्या वरवंटीकरांना आणि नांदेडच्या तुप्पा परिसरातील लोकांना यातले काही नव्याने सांगावे लागणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहराला भूजल नासवणे परवडणारे नाही, एवढे मात्र आवर्जून सांगतो.

मग पर्याय काय? पर्याय शोधायला परदेशी जावे लागत नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद असतील. ते बाजूला ठेवून हे काम पाहावे. कचरा वेचणाऱ्या, बहुतांश दलित समाजातील भगिनींनी २००८ साली ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था स्थापून पालिकेशी करार केला. त्या घरोघर जाऊन वेगळा केलेला कचरा घेतात, सुका माल विकून येणारे उत्पन्न त्यांचे. समरसतेविषयी आपण बैठकांतून पुष्कळ बोलतो. उकिरड्यात हात घालणाऱ्या बाईला हातमोजे, ओळखपत्र आणि दारात सन्मानाने उभे राहण्याचा अधिकार मिळणे हा तिचा प्रत्यक्ष अर्थ आहे. भट्टी आली की पहिली भाकरी जाते ती हिचीच. कोकणात वेंगुर्ल्यासारख्या बारा-तेरा हजार वस्तीच्या नगरपरिषदेने २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरातच वर्गीकरण सुरू केले आणि जेथे कचऱ्याचा डोंगर होता तेथे लोक पाहायला जाऊ लागले. आणि लातूरमध्येच जनाधार सेवाभावी संस्थेने कचरावेचकांना सोबत घेऊन प्रभागपातळीवर वर्गीकरणाचे काम केले आहे. आपल्या शहरातले म्हणून त्याचे कौतुक आपल्यालाच कमी.

ओल्या कचऱ्याचे खत होते, हे शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला सांगायचे म्हणजे सूर्याला पणती दाखविणे. आपल्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटत चालला आहे, पशुधन कमी झाल्याने शेणखत मिळत नाही, आणि शहरात रोज टनावारी तयार होणारे खताचे सामान आपण प्लास्टिकमध्ये कालवून फुकट घालवतो. मात्र काचेचे तुकडे आणि बॅटऱ्या मिसळलेले खत कोणताही शेतकरी शेतात टाकणार नाही, आणि त्याने टाकूही नये. म्हणून वर्गीकरण घरातच झाले पाहिजे.

अडचणी आहेत. आपण दोन डबे ठेवतो आणि घंटागाडीवाला दोन्ही एकत्र ओततो, ही तक्रार खरी आहे. डायपर आणि सॅनिटरी पॅड यांचे काय करावे, याला समाधानकारक उत्तर अजून कमी शहरांकडे आहे. आणि घरातले वर्गीकरण म्हणजे बहुधा गृहिणीच्या कामात एक भर, हेही पुरुषांनी कबूल करावे. पण २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेचे अठरा किलोमीटर पात्र खोल करायला घेतले, त्यांना गल्लीतली वीस घरे सांभाळणे जड जाऊ नये. एका कार्यकर्त्याने वीस घरे घ्यावीत, तीन महिने रोज सकाळी गाडीजवळ उभे राहावे आणि एकत्र ओतणाऱ्याला तेथल्या तेथे थांबवावे. सेवावस्तीतही हेच करावे, आणि तेथे गाडी जाते की नाही ते आधी पाहावे.

आणि भट्टीचा प्रस्ताव आलाच, तर मोर्चाच्या आधी अर्ज करा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. करारात रोज किती टन कचरा पुरविण्याची हमी दिली आहे? तो कमी पडला तर दंड कोणी भरायचा? पालिका दर टनामागे कंपनीला किती देणार? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कोणत्या अटींवर आहे, आणि डायॉक्सिनची तपासणी वर्षातून किती वेळा होणार? राख कोणत्या गावाच्या हद्दीत, कोणत्या गट क्रमांकावर टाकणार? उत्तरे लेखी घ्या, आणि त्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात ज्या गावाचे नाव येईल, त्या गावच्या सरपंचाला त्याच दिवशी जाऊन भेटा.