फ्रेझर नदीवरचे कॅनरी कामगार आणि आपण

(कामगार शिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला कंत्राटी कामगार हा विषय दिला आहे. या विषयावरचे ठराव ऐकून आपण कंटाळला आहात आणि मांडून आम्हीही कंटाळलो आहोत. म्हणून आज जरा लांबून सुरुवात करतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, फ्रेझर नावाची मोठी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मासळी डबाबंद करण्याचे कारखाने होते. त्यांना कॅनरी म्हणत. १९०० च्या सुमारास एकट्या या नदीवर चाळीसहून अधिक कॅनऱ्या होत्या. आम्ही तो देश पाहिलेला नाही, वाचून सांगतो आहोत. पण वाचताना तीन ठिकाणी रेल्वे आडवी आली, तेव्हा हा विषय आपलाच आहे असे वाटले.

मासा सॅमन. आपल्याकडे बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण तो वेगळा मासा. हा सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत वर चढून येतो. त्यातली सॉकाय ही लाल मांसाची जात डब्यासाठी उत्तम. ती उन्हाळ्यात काही आठवडेच येते. फ्रेझरमध्ये दर चौथ्या वर्षी तिचा प्रचंड लोंढा येई : १९०१, १९०५, १९०९, १९१३. मासा आला की एका दिवसात डब्यात गेला पाहिजे, नाहीतर सडला. त्या कामगारांचे सारे आयुष्य या घाईभोवती बांधलेले होते.

आधी नदीवरचे लोक. एका होडीत दोन माणसे, एक वल्ही मारणार आणि एक जाळे सोडणार. होडी आणि जाळे पुष्कळदा कॅनरीच्या मालकीचे, त्याचे भाडे कमाईतून कापून जाई. शनिवार सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत मासेमारीला बंदी असे. रविवारी सहा वाजता शेकडो होड्या एकदम जाळी टाकत. त्यानंतर रात्री तिथेच काढायच्या, होडीतच शिजवायचे, होडीतच डोळा लावायचा. तागाच्या धाग्याची जाळी चिकट्याने कुजू नये म्हणून आठवड्याला मोरचुदाच्या पाण्यात धुवावी लागत. मासे मोजून घेताना एका दाताच्या काठीने एकेक उचलून फेकत, आणि दर नगाप्रमाणे मिळे. मोठ्या लोंढ्याच्या वर्षी कॅनरी म्हणे, आज प्रत्येक होडीमागे ठरावीकच मासे घेऊ. उरलेले कोळ्याने परत नदीत फेकायचे. रात्रभराची मेहनत पाण्यात, शब्दशः.

आता शेडमध्ये या. लाकडी खांबांवर, पाण्यावर उभी केलेली शेड. भोंगा वाजला की काम सुरू आणि मासा संपला की बंद. मधले तास कोणी मोजत नसे. फळ्यांवर रक्त, पाणी आणि खवले. दाराशी चिनी कापणारे उभे असत. डोके, पर, शेपूट, आतडी, सगळे सात-आठ हातांत साफ. चांगला कापणारा दिवसाला दीड-दोन हजार मासे उडवी. पुढे धुणाऱ्या आणि डबे भरणाऱ्या बायका, बहुतेक त्या किनाऱ्यावरच्या आदिवासी जमातींच्या, नंतर जपानीही. गावेच्या गावे उन्हाळ्यात होड्यांतून कॅनरीवर उतरत. तान्हे मूल पाठीशी बांधलेले किंवा शेजारी खोक्यात ठेवलेले, जरा मोठी पोरे डबे रचायला. थंड पाण्यात हात घालून दिवसभर उभे राहायचे आणि भरलेल्या ट्रेमागे कार्डाला एक भोक पाडून घ्यायचे. तीच मजुरी.

डबा भरला, चिमूटभर मीठ पडले, झाकण डाग देऊन बसवले, की उकळत्या पाण्यात. मग झाकणाला बारीक भोक पाडून वाफ सोडायची, भोक बुजवायचे आणि पुन्हा शिजवायचा. शेवटी एक जाणता चिनी कामगार लोखंडी सळईने प्रत्येक डब्यावर टिचकी मारत जाई. आवाज बद्द आला की डबा गळका. आमच्या सी अँड डब्ल्यूच्या बंधूंना हे सांगायला नको. गाडी उभी राहिली की हातोडीने चाक वाजवत जाणारा माणूस आपण पाहिला आहे, त्याचे कान हेच त्याचे हत्यार. त्या चिनी माणसाचेही तेच होते, आणि त्याला कायम नोकरी कधीच नव्हती.

हे चिनी तिथे आले कसे? इथे पहिल्यांदा रेल्वे आडवी येते. १८८१ ते १८८५ या काळात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा रूळ फ्रेझरच्या दरीतून टाकला गेला. त्यासाठी सुमारे १५ हजार चिनी मजूर आणले होते, रोज सुमारे एक डॉलरवर. सुरुंगात आणि रोगराईत शेकडो मेले. १८८५ मध्ये रूळ पुरा झाला आणि त्याच वर्षी सरकारने नव्या येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर ५० डॉलर डोईपट्टी बसवली. १९०३ साली ती ५०० डॉलर केली. रूळ टाकून रिकामे झालेले पुष्कळजण कॅनऱ्यांत शिरले. बाकी दारे बंदच होती.

कॅनरीचा मालक त्यांना थेट ठेवत नसे. तो एका चिनी मुकादमाशी करार करी : इतक्या पेट्या, पेटीत ४८ डबे, दर पेटीला इतके पैसे. मुकादम शहरातून माणसे गोळा करी, हंगामाआधी उचल देई, तांदूळ आणि सामान आपल्याच हिशेबाने पुरवी आणि शेवटी सगळे कापून उरेल ते हातावर ठेवी. बीडकडून साखर कारखान्यावर येणाऱ्या ऊसतोड कामगाराला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. वसंतात ही माणसे येऊन हाताने डबे बनवत बसत आणि माशाची वाट पाहत. मासा आला नाही तर पेट्या नाहीत, पेट्या नाहीत तर पैसे नाहीत. हंगाम बुडाला की मुकादमच पळून गेला, असेही घडे. मालक म्हणे, माझा करार त्याच्याशी होता.

राहण्याची व्यवस्थाही अशीच कप्प्याकप्प्यांची. चिन्यांची चाळ वेगळी, जपान्यांची वेगळी, आदिवासींच्या झोपड्या वेगळ्या आणि गोऱ्या कारागिरांची घरे वेगळी. प्रत्येकाचा मजुरीचा हिशेब वेगळा, भाषा वेगळी आणि मुकादमही वेगळा. एकाच छपराखाली काम करून एकमेकांचा पगार त्यांना माहीत नसे.

१९०० च्या जुलैत संप झाला. कोळ्यांनी माशामागे २५ सेंट मागितले. फ्रँक रॉजर्स नावाचा गोदी कामगार पुढारी होता. आदिवासी कोळी संपात उतरले, त्यांचा बँड मिरवणुकीत वाजला. जपानी कोळीही पहिल्यांदा थांबले होते. पण गोऱ्यांच्या युनियनला जपानी माणूस सभासद म्हणून नको होता. त्याला मासेमारीचा परवानाच मिळू नये, ही तिची मागणी होती. जपानी कोळी स्वतःच्या संस्थेत संघटित होते, त्यांनी तिथे इस्पितळही चालवले होते, आणि त्यातले बरेच मुकादमाच्या उचलीवर जगत होते. मालकांनी त्यांच्याशी वेगळी बोलणी करून २० सेंटच्या आसपास तडजोड केली. २४ जुलैला स्टीव्हस्टन गावात सैन्य उतरले आणि जपानी होड्या त्याच्या संरक्षणात नदीवर गेल्या. उरलेल्यांनी अखेर १९ सेंटवर संप मागे घेतला.

गोऱ्या कोळ्यांनी जपान्यांना फितूर म्हटले. आम्हीही पहिल्यांदा वाचले तेव्हा तेच म्हटले. मग मागची पाने पुन्हा वाचली.

दुसऱ्यांदा रेल्वे आडवी आली ती याच रॉजर्सच्या गोष्टीत. १९०३ मध्ये व्हँकूव्हरला कॅनेडियन पॅसिफिकच्या कारकुनांनी आणि मालधक्क्यावरच्या हमालांनी संप केला. सगळ्या श्रेणींची मिळून एकच युनियन हवी, हे त्यांच्या संघटनेचे तत्त्व होते. इंजिन ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या जुन्या, मानाच्या संघटना बाजूला राहिल्या, गाड्या चालू राहिल्या. रॉजर्स रेल्वेचा नोकर नव्हता, पण तो संपवाल्यांच्या बाजूने उभा राहिला. एप्रिलमध्ये एका रात्री रुळांजवळ त्याला गोळी लागली आणि दोन दिवसांनी तो वारला. एका माणसावर खटला झाला, तो सुटला. संप हरला. ड्रायव्हरांची वेगळी, गार्डांची वेगळी, मास्तरांची वेगळी अशा संघटना आपल्याही रेल्वेत आहेत. त्यावर आम्ही इथे अधिक बोलत नाही, कारण समोर सगळेच बसले आहेत.

त्याच सुमारास सिॲटलच्या एडमंड स्मिथ याने मासा कापण्याचे यंत्र काढले. मिनिटाला साठ मासे. थोड्याच वर्षांत ते सगळ्या किनाऱ्यावर पोचले आणि कापणाऱ्या चिन्यांच्या टोळ्या घरी बसल्या. त्या यंत्राला नाव दिले 'आयर्न चिंक'. 'चिंक' ही चिनी माणसाला घालायची शिवी. माणसाला काढायचे आणि त्याची शिवी यंत्राला चिकटवायची! पुढे डाग न देता बंद होणारे डबे तयार येऊ लागले, तेव्हा वसंतातले डबे बनवण्याचे कामही गेले. यंत्र आले तेव्हा गोऱ्या युनियनने हूं की चूं केले, असे आमच्या वाचनात कुठे आले नाही. जात होता तो चिनी, सभासद नव्हता.

तिसऱ्यांदा रेल्वे आडवी आली ती अगदी नदीच्या पात्रात. कॅनेडियन नॉर्दर्न ही दुसरी कंपनी त्याच दरीत रूळ टाकत होती. सुरुंगाचा दगड सरळ नदीत ढकलत होते. हेल्स गेट नावाच्या चिंचोळ्या जागी १९१३ साली पाणी इतके अडले की लोंढ्यातले लाखो मासे खालीच अडकले. आदिवासींनी टोपल्यांतून मासे उचलून दगडांपलीकडे सोडले. फेब्रुवारी १९१४ मध्ये तिथेच मोठी दरड कोसळली. १९१३ चा हंगाम कॅनऱ्यांसाठी विक्रमी होता, पण चार वर्षांनी तो लोंढा परत आला नाही. माशांना वर चढायला सिमेंटचे मार्ग बांधले गेले ते १९४५-४६ मध्ये. मधल्या तीस वर्षांत वरच्या अंगाच्या आदिवासी गावांनी हिवाळ्यात खायचे काय, याचे उत्तर रेल्वे कंपनीला कोणी विचारले नाही. आपण रुळाची माणसे आहोत, म्हणून हेही सांगून टाकले.

जपान्यांचे पुढे काय झाले? १९४२ साली युद्धाच्या नावाखाली सुमारे २२ हजार जपानी वंशाच्या लोकांना किनाऱ्यावरून हलवले, त्यांच्या हजारावर होड्या जप्त करून विकल्या. परतायची मुभा १९४९ मध्ये मिळाली. दरम्यान १९४५ साली कोळी आणि शेडमधले कामगार यांची एकच युनियन झाली, युनायटेड फिशरमेन अँड अलाइड वर्कर्स युनियन. मुकादमी करार त्यानंतरच्या काही वर्षांत संपला. परत आलेल्या जपानी कोळ्यांना याच युनियनने आत घेतले. त्यांतला बक सुझुकी युनियनचा कार्यकर्ता झाला आणि नदी वाचवण्याच्या कामासाठी युनियनने पुढे त्याच्या नावाने संस्था काढली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याला बाहेर ठेवले होते, त्याच्याच पुढच्या पिढीतला हा माणूस.

आता आमच्या शाखेची गोष्ट सांगतो आणि थांबतो. काही वर्षांपूर्वी आमच्या स्टेशनवर सफाईच्या कंत्राटदाराने तीन महिने पगार दिला नाही. बायका-पुरुष मिळून वीसेकजण आमच्या युनियन ऑफिसात आले. आम्ही त्यांना चहा पाजला आणि सांगितले, तुम्ही आमचे सभासद नाही. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाने तो द्यावा, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलेले होते. हे आम्हाला त्या दिवशीही माहीत होते. एक अर्ज लिहून द्यायला अर्धा तास लागला असता. आम्ही तो लिहिला नाही. पुढच्या वर्षी आमच्या आंदोलनाच्या दिवशी तीच माणसे झाडू घेऊन कामावर निघाली, तेव्हा आमच्यातला एकजण गेटवर ओरडला, फितूर! त्यातली एक बाई थांबली आणि म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही आम्हाला ओळखलं नाही, आज बरं ओळखलं?" ओरडणारा खाली पाहत राहिला. आम्ही त्याच्या शेजारीच उभे होतो.

टपाल खात्याच्या बंधूंकडेही ग्रामीण डाक सेवक आहेत. पूर्वी त्यांना 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हणत, म्हणजे खात्याबाहेरचे. टपालाची पिशवी मात्र खात्याचीच. त्यांच्याविषयी ते स्वतः बोलतील.

उद्या सकाळच्या सत्रात आमच्या शाखेचा ठराव येणार आहे : स्टेशन आणि यार्डातल्या कंत्राटी कामगारांना संघटित करावे, त्यांच्या तक्रारीचा अर्ज शाखेने लिहून द्यावा आणि शाखेच्या बैठकीत त्यांच्या दोन प्रतिनिधींना बसायला जागा असावी. वर्गणी किती, हे अजून ठरलेले नाही. काही जुन्या सभासदांचा याला विरोध आहे, तो त्यांनी चहाच्या वेळी न सांगता माईकवर येऊन सांगावा. त्या बाईंना आम्ही निरोप दिला आहे. त्या म्हणाल्या, सकाळची पाळी संपवून अकरापर्यंत येते. तेव्हा हा ठराव अकराच्या आधी घेऊ नये, एवढी अध्यक्ष महाराजांना विनंती आहे.