मधुमेहाची औषधे आणि थकलेली पेशी



स्मृतिव्याख्यानात वक्त्याने श्रोत्यांच्या उपयोगाचे काही सांगावे, ही अपेक्षा रास्तच आहे. म्हणून आज मी घरोघरी पोचलेल्या एका गोळीविषयी बोलणार आहे. मधुमेहाची काही औषधे शरीरातील पेशी मारतात, असे आपल्या कानांवर येते. त्यात तथ्य किती, आणि त्यावरून आपण काय करावे?

या औषधांचा जन्म योगायोगाने झाला. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिये येथे मार्सेल जाँबाँ विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध देत होते. त्यांपैकी काहींच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरली. तेथील ओग्युस्त लुबातिएर यांनी शोध घेतला, तेव्हा हे औषध स्वादुपिंडामार्फत कार्य करते असे दिसले. ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड ही याच सल्फोनिलयुरिया कुळातील.

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. या गोळ्या त्या पेशींची पोटॅशियमची द्वारे बंद करतात. त्यामुळे कॅल्शियम आत शिरते आणि इन्सुलिन बाहेर पडते. अडचण अशी की, पेशीत कॅल्शियम दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर तिची आत्मनाशाची यंत्रणा जागी होऊ शकते. या पेशीमृत्यूला १९७२ साली शास्त्रज्ञांनी जे ग्रीक नाव दिले, त्याचा अर्थ पानगळ. सातपुड्यातील साग पाहणाऱ्यांस ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. जुनी पाने गळणे हा सृष्टिक्रमच आहे. मात्र नवी पालवी फुटण्याच्या वेगापेक्षा गळ अधिक झाली, तर झाड उघडे पडते.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानवी बीटा पेशी ग्लिबेनक्लामाइडच्या सान्निध्यात ठेवल्या. चारच तासांत पेशीमृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. पुढे २००६ सालच्या एका मोठ्या चाचणीत, केवळ हेच औषध घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के रोग्यांत ते पाच वर्षांत अपुरे पडले. मेटफॉर्मिनच्या बाबतीत हे प्रमाण २१ टक्के होते.

आपल्याकडे या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला, तरी त्याच्या शरीरात चरबी तुलनेने अधिक असते. तरुण मधुमेहींच्या २०२२ सालच्या अभ्यासातही इन्सुलिनचा तुटवडा हे प्रमुख कारण आढळले. ज्याची शिल्लकच थोडी, त्याने ती जपून वापरावी, हे उघड आहे.

परंतु येथेच थांबलो, तर मी आपली दिशाभूल केली असे होईल. काचपात्रातील पेशी म्हणजे माणूस नव्हे. शिवाय वाढलेली साखर स्वतःच बीटा पेशींना मारक ठरते. ब्रिटनमधील दीर्घ चाचणीत, केवळ आहारनियमन करणाऱ्यांच्याही पेशींची शक्ती वर्षागणिक घटली. उलट साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवणाऱ्यांचे डोळे, मूत्रपिंड आदींवरील दुष्परिणाम २५ टक्क्यांनी कमी झाले, असे १९९८ साली दिसून आले. त्या रोग्यांपैकी अनेक जण याच गोळ्या घेत होते. तेव्हा प्रयोगशाळेतील इशारा म्हणजे गोळी फेकून देण्याची आज्ञा नव्हे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ऐकीव गोष्टींवरून, किंवा जांभळाच्या बियांच्या चूर्णावर भिस्त ठेवून, गोळी परस्पर बंद करू नये. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ती विकतही घेऊ नये. उपाशीपोटी शेतात राबताना घाम फुटला, हातपाय कापू लागले, तर साखर उतरली असे समजून त्वरित गोड खावे आणि डॉक्टरांना कळवावे. आणि वर्षातून एकदा त्यांना निःसंकोच विचारावे : हीच गोळी मला अजून योग्य आहे का?

प्रश्न विचारण्याची सवय शाळेत लागते. ती दवाखान्याच्या दारात सोडून देऊ नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.