काचपेटीचं झाकण

श्रोतेहो, शाळांना सुट्ट्या लागल्या आहेत. पोट्ट्यांनी हट्ट करून आणलेला शंखातला खेकडा नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या एखाद्या घरी टीव्हीशेजारी येऊन बसलाही असेल. त्याला खायला काय घालायचं, हे तुम्ही दुकानदाराला विचारलंच असणार. मी आज बोलणार आहे झाकणाबद्दल.

हा खेकडा जमिनीवर फिरतो खरा, पण श्वास घेतो तो कल्ल्यांनी. आणि कल्ले ओले असतील तरच त्यांना हवेतला प्राणवायू घेता येतो. आपला कूलर आठवा. पंखा गरगर फिरतोय, पण टाकीतलं पाणी संपलं, खस वाळली, तर खोलीत काय येतं? झळा! खेकड्याचं तसंच आहे. हवा भरपूर, पण खस कोरडी. कूलर बिघडला की घरभर बोंब होते. खेकडा मात्र चकार शब्द काढत नाही. मंदावतो, शंखाबाहेर लोंबत पडून राहतो, आणि आपण म्हणतो, "किती झोपाळू आहे!" झोपाळू नाही हो, गुदमरतोय तो.

त्याला हवेत ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ती २० टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणून तारेचा पिंजरा नको. काचेची पेटी घ्या, वर काचेचं झाकण ठेवा, हवेपुरती बारीक फट सोडा आणि आत एक हायग्रोमीटर लावा. खोलीत कूलर चालू आहे म्हणजे झालं, असं समजू नका. एसी तर हवा आणखी कोरडी करतो. तापमान २४ ते २९ अंशांच्या आसपास हवं, तेव्हा पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. खिडकीच्या उन्हात तर मुळीच नको.

खाली वाळू आणि नारळाचा भुसा, निदान वीतभर. मुठीत दाबून पाहा: मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, पाणी गळता कामा नये. खेकडा कात टाकायला या वाळूत शिरतो आणि कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने वर येत नाही. मेला समजून उकरू नका! नवं कवच मऊ असतं, तेव्हा धक्का लागला तर तो खरंच मरेल. आणि ही वाळू ओली कशाने राहते? झाकणाने. दुसऱ्यांदा सांगतोय, तिसऱ्यांदाही सांगेन.

रंगवलेले शंख घेऊ नका. रंगाचे पापुद्रे निघतात आणि तो ते कुरतडतो. साधे, गोल तोंडाचे, थोडे मोठे असे दोनचार शंख आत टाकून ठेवा. तो नांगीने तोंड चाचपतो, आत मिशा घालून पाहतो आणि पटलं तर झटक्यात घर बदलतो. फळं, खोबरं, बिनमिठाची सुकट त्याला चालते. कॅल्शियमसाठी समुद्रफेन द्या, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. सक्करदऱ्यात आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या मंडळींना मी हे वेगळं सांगायला नको.

एक कानउघाडणी मात्र करतो. या खेकड्यांची पिल्लं समुद्राच्या पाण्यातच वाढतात, त्यामुळे बाजारात दिसणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. आपल्यापासून पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. म्हणून मालवण-गणपतीपुळ्याला जाल तेव्हा बाटलीत खेकडे भरून आणू नका. खडकांच्या डबक्यातले तर समुद्राच्या पाण्यातच राहणारे, ते इथवर टिकायचे नाहीत. किनाऱ्यावरचे रिकामे शंखही पिशव्या भरभरून उचलू नका, ती कुणाची तरी उद्याची घरं आहेत. पण घरी आधीच आणला असेल, तर नीट सांभाळा. नीट ठेवलेले खेकडे तीस वर्षांपर्यंत जगल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे पोट्टा नोकरीला लागेल तरी हा घरातच!

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याच्या खुणा सुरू झाल्या आहेत. पाण्याचं राहिलंच. दोन वाट्या लागतात, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच द्या, आणि खाऱ्यासाठी स्वयंपाकाचं मीठ नको, मत्स्यालयाचं समुद्री मीठ. प्रमाण पाकिटावर असतं, आणि त्या वाटीत चढ-उतारासाठी एक दगड... असो, ते पुढच्या वेळी. आज घरी एवढंच करा: झाकण आहे का पाहा. नसेल तर आधी ते लावा, बाकीचं मग.