सर मुलं मोजायचे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू सॉफ्टवेअरवाली, कॉम्प्युटरवर बोल." मी म्हटलं, त्यावर तर रोजच बोलते. आज मला लहान मुलांना घेऊन फिरायला जाण्यावर बोलू द्या. या विषयात मी दोनदा नापास झाले आहे आणि दोन्ही वेळा परीक्षेचं केंद्र आपल्याच भागात होतं.

पहिली परीक्षा नागझिऱ्याची. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. डिसेंबरात पुण्याहून माहेरी आलो होतो. बुकिंग, गाडी, डबे, सगळं मी ऑफिसच्या प्रोजेक्टसारखं आखलं होतं. "तुला वाघ दाखवते" असं मुलीला आठवडाभर सांगत होते. पहाटे अंधारातच एकोडीहून निघालो. उघडी जिप्सी, आपल्याकडची डिसेंबरची थंडी, आणि एवढ्या यादीत पोरीची कानटोपी मात्र राहिलेली! चितळ दिसले, रानगवा दिसला, वानरांचा कळप दिसला. मी प्रत्येक ठिकाणी म्हणत होते, "हे असू द्या, पुढे चला." वाघ काही दिसला नाही. फाटकाबाहेर पडताना मी नवऱ्याला म्हटलं, "एवढे पैसे घालून मिळालं काय?" मागच्या सीटवरून पोरीनं विचारलं, "आई, आपले पैसे वाया गेले का?"

रात्री तीच पोरगी माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, जंगल सांगत बसली. दवानं भरलेलं कोळ्याचं जाळं, आईच्या पोटाला चिकटलेलं वानराचं पिल्लू, गाईडकाकांनी दाखवलेला ओल्या मातीतला पंजा. वाघ दिसला नाही, हे तिच्या गोष्टीत कुठंच नव्हतं. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते तिथं मुक्काम करून, निवांत बघत. मी मात्र सकाळच्या एका फेरीत वाघाची पावती फाडायला निघाले होते. तेव्हापासून मुलांना मी वाघाचं वचन देत नाही. "काय काय दिसतं ते बघू या," एवढंच म्हणते.

दुसरी परीक्षा याहून कठीण होती. ती सांगताना अजूनही हात थंड पडतात.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे जण शिदोरी घेऊन तलावावर गेलो होतो. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळातले हे तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते आपल्याला घरच्या अंगणासारखे वाटतात. भीती वाटतच नाही. पाळीवर आम्ही अकरा मोठी माणसं होतो. माझा मुलगा चार वर्षांचा होता. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. मी उठून पळसाच्या सावलीत गेले. सात-आठ मिनिटं बोलले असेन. परत आले तर पोरगा नाही. वहिनी म्हणाली, "तुमच्यासोबतच गेला होता ना?" भावाला वाटलं, तो आजोबांजवळ आहे. बाबांना वाटलं, माझ्याजवळ आहे.

सगळे हाका मारत धावत सुटलो. दोनशे पावलांवर, सांडव्याच्या बाजूला, शिंगाडे काढणारे एक धिवरकाका काठावर बसले होते. माझ्या मुलाचं मनगट त्यांनी एका हातात घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं ते त्याला सोललेला शिंगाडा देत होते. पोराची चड्डी कमरेपर्यंत ओली होती. काका म्हणाले, "बाई, पोरगा शिंगाड्यासाठी पान्यात उतरत होता. मी डोंगीतून पाह्यलं म्हनून बरं." मग पाळीकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "किती जन हाये तुमी?"

अकरा जण, असं सांगायला माझी जीभ रेटेना.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. मी त्यांना म्हटलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, "चूक अकरा जणांची आहे, म्हणूनच ती कोणाची नाही." माझ्या नोकरीत हे रोज दिसतं. जे काम सगळ्यांच्या नावावर असतं, ते कोणीच करत नाही. ऑफिसात मी हे नव्या मुलांना शिकवते, आणि पाळीवर स्वतःच विसरले.

त्या रात्री मला आपली सहल आठवली. एसटीनं नवेगावबांधला गेलो होतो, आठवतं? तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. सर गाडीत चढताना मोजायचे, उतरताना मोजायचे, जेवणाआधी मोजायचे, जेवणानंतर परत मोजायचे. आपण मागून त्यांची नक्कल करून हसायचो. प्रत्येकाला एक जोडी ठरवून दिलेली होती आणि जोडीदार दिसला नाही तर ओरडायचं, हा नियम. आपण काठावर डबे खाल्ले तेव्हा सर आपल्या पंगतीत बसले नाहीत. ते आपल्या आणि पाण्याच्या मधे उभे होते. त्यांनी डबा केव्हा खाल्ला, खाल्ला की नाही, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे? सर, मला हे कळायला पंचवीसहून जास्त वर्षं आणि एक ओली चड्डी लागली.

आता आमच्या घरचे नियम सांगते. ते फार नाहीत. पाण्याजवळ अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी. ज्याची पाळी, त्याच्या गळ्यात लाल दुपट्टा, आणि त्याचा मोबाईल दुसऱ्याच्या खिशात. दुपट्टा देताना तोंडानं म्हणायचं, "आता पोरं तुझ्याकडे." बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं आरडाओरडा करत नाही, ते आवाज न करता खाली जातं, म्हणून कान नाही, डोळे लागतात, आणि तेही हाताच्या अंतरावरून. तलाव ओळखीचा असला तरी गाळ काढलेल्या जागी एका पावलात खड्डा लागतो. आणि दिवसाला एकच ठिकाण. दमलेली पोरं आणि दमलेले आईबाप, दोघांचंही लक्ष राहत नाही.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. मुलाला पाण्यापासून तोडलं नाही. पुण्यात त्याला पोहायला शिकवलं. पुढच्या दिवाळीत त्याच काकांकडे नेलं. त्यांनी त्याला डोंगीत बसवलं आणि शिंगाड्याचा वेल उचलून दाखवला. मी काठावर होते, गळ्यात दुपट्टा होता.

उद्या आपण सगळे मुलाबाळांसह तलावावर डबा पार्टीला जाणार आहोत. मोठी माणसं साठ तरी असतील, म्हणजे धोका जास्तच. मी पाच लाल दुपट्टे आणले आहेत. पहिली पाळी माझी. आणि सर, उद्या आपण आधी जेवायला बसायचं. मोजणी आम्ही करू.