रागावण्याआधी विचारा



धडगावच्या घाटात आमची जीप चालवणारा एक पावरा भाऊ दिवसा पेंगायचा. रात्री पीत असेल असे समजून मी त्याला चारचौघांत बोललो. तो निमूट राहिला. त्याची बायको म्हणाली, "दादा, हे दारूला शिवत नाहीत. झोपेत घोरतात, मधेच श्वासच थांबतो."

तपासणीत मध्यम स्वरूपाचा स्लीप ॲप्निया निघाला. यात झोपेत घसा मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा जास्त अडतो, तेही रात्रभर पुन्हापुन्हा. हवेचा दाब देणारे यंत्र असते, पण पाड्यावर रात्रीच्या विजेचा भरवसा नाही. दंतवैद्यांनी दातांचा साचा घेऊन खालचा जबडा पुढे धरणारे उपकरण केले. त्याला वीज लागत नाही. मात्र दात मजबूत हवेत, उपकरण अधूनमधून जुळवावे लागते आणि आजार तीव्र असेल तर ते पुरत नाही. गुण येईपर्यंत आम्ही त्याला गाडी दिली नाही, पगार दिला.

रतामाच्या झुडपाखाली खचलेल्या एलीयाला देवाने आधी झोपू दिले, भाकर दिली. मी आधी रागावलो होतो. त्या भावाची मी सर्वांसमोर क्षमा मागितली.

आपल्या दानातून त्याच्या फेरतपासणीचे एसटीभाडे निघते. उपासनेत कोणी पेंगताना दिसले, तर प्रथम विचारा: रात्री झोप लागते ना?